बासला कुठल्या तारा? पहिल्या दिवसाचा आवाज ऐकून ठरवू नकोस

प्रश्न ऐरोलीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे चार तारांचा, दोन पिकअपचा (तारांचं कंपन टिपणारी चुंबकं) साधा पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा, जॅझ बास (बास गिटारचा एक प्रकार) आहे. तारा बासबरोबर आल्या त्याच, दीड वर्षाच्या. दर शनिवारी ठाण्यात हिंदी-मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात वाजवतो, रविवारी वाशीला मित्रांबरोबर रॉक, अधूनमधून थोडं स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं). दुकानदार म्हणतो स्टेनलेस स्टील घे, यूट्यूबवर म्हणतात फ्लॅटवाउंड घे. सर, सगळीकडे चालेल असा एकच सेट सांगा."

आधी एक, मला सर म्हणू नकोस. बासवाल्याला सर म्हणायची पद्धत ठाण्यात तरी नाही. त्याला नुसतं "ए बास" म्हणतात, आणि तेही आवाज कमी कर हे सांगायचं असेल तेव्हा.

उत्तर सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याने इथेच थांबावं. निकेल-प्लेटेड स्टीलच्या राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या तारा, गेज (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सगळ्यात बारीक ४५ ते सगळ्यात जाड १०५, लाँग स्केल, म्हणजे ३४ इंची बासच्या. डॅडारिओचा ईएक्सएल१६५ किंवा एर्नी बॉलचा हायब्रिड स्लिंकी, दोन्हींची मापं सारखीच आहेत: ४५, ६५, ८५, १०५. जो मिळेल तो घे. या दोघांत तासन्‌तास तुलना करणारी मंडळी आहेत, पण ॲम्पसमोर डोळे मिटून उभं केलं तर त्यातले निम्मे चुकतील. मीही चुकेन.

खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. तू आत्ता जे व्हिडिओ बघतोयस त्यात प्रत्येक तार पाकिटातून काढल्या काढल्या वाजवलेली आहे. त्या दिवशी सगळ्याच राउंडवाउंड तारा चकचकीत वाजतात. तुला मात्र त्या तारेबरोबर तीन-चार महिने काढायचेत. त्यातले पहिले चार-पाच दिवस सोड आणि शेवटचे पंधरा दिवस सोड. मधला जो काळ आहे, तोच तुझा आवाज. तार निवडायची ती तिच्या या मधल्या वयाकडे बघून.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही, फजिती होऊन शिकलो. वीसेक वर्षं झाली असतील. गडकरी रंगायतनला भावगीतांचा कार्यक्रम होता. मला वाटलं, एवढ्या मोठ्या थिएटरला जुन्या तारांनी काय वाजवायचं. सकाळी तलावपाळीजवळ मित्राच्या घरी बसून नव्याकोऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा चढवल्या. घरात आवाज असा खणखणीत की मीच माझ्यावर खूश. संध्याकाळी पहिलं संथ गाणं सुरू झालं. बाई गातायत, मागे तबला, व्हायोलिन, आणि मी ए तारेवरून डी तारेवर, वरच्या पडद्यांवरून खाली सरकतोय. प्रत्येक वेळी बोट सरकलं की "झर्र". दुसरं गाणं संपल्यावर तबलजीकाका माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "अरे, विंगेत कोण सारखी बॅगेची चेन उघडतंय बघ जरा." विंगेत कोणीच नव्हतं. पुढचा सगळा कार्यक्रम मी हात उचलून उचलून वाजवला आणि टोनचा नॉब पूर्ण बंद ठेवला. नॉब बंद केल्याने बोटांचा आवाज कमी झाला, पण बासही बोदा झाला. त्याच तारा महिन्याभरानंतर ऐकायला छान लागल्या, ही गंमत वेगळी.

तर ही "झर्र" येते कुठून? बासच्या तारेच्या पोटात पोलादाची एक सरळ तार असते, तिला कोअर म्हणतात, बहुधा षट्‌कोनी. तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर राउंडवाउंड. तिच्या वळशांमध्ये बारीक खाचा राहतात, बोट त्यावरून घसरलं की करवतीसारखं वाजतं. याच खाचांमुळे तार लवचीक राहते आणि वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर वाजणारे त्याच्या पटीतले उंच सूर) मोकळे होतात, म्हणून आवाज उजळ. आणि याच खाचांत तुझा घाम, मेलेली कातडी आणि हवेतली धूळ जाऊन बसते, म्हणून काही आठवड्यांत उजळपणा उतरतो. म्हणजे गुण आणि दोष एकाच खाचेत आहेत.

वरची तार पट्टीसारखी चपटी असेल तर फ्लॅटवाउंड. खाचा नाहीत, बोट लोण्यासारखं सरकतं, आवाज गोल, भरदार, आणि टिकतोही वर्षानुवर्षं कारण मळ बसायला जागाच नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बासवादक जेम्स जेमरसनबद्दल सांगतात की तो लाबेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा तुटेपर्यंत बदलायचाच नाही. तुझे यूट्यूबवाले त्याच आवाजाच्या प्रेमात आहेत, आणि प्रेमात पडावं असाच तो आहे. मुळात १९५१ मध्ये फेंडरचा पहिला प्रिसिजन बास बाजारात आला तेव्हा बासला अशाच गुळगुळीत तारा असायच्या. राउंडवाउंडची लाट नंतरची, साठच्या दशकात लंडनला रोटोसाउंडने 'द हू' या रॉक बँडचा बासवादक जॉन एंटविसल याच्या मागणीवरून त्या घडवल्या तेव्हापासूनची. त्याला बास पियानोसारखा वाजायला हवा होता. तुझ्या दुकानदाराने दाखवलेला स्टेनलेसचा सेट त्याच घराण्यातला.

मग शनिवारला फ्लॅट आणि रविवारला स्टेनलेस, अशी तुझी ओढाताण आहे. दोन्ही का नकोत ते सांगतो.

फ्लॅटवाउंड तुझ्या वाद्यवृंदात तबल्याशेजारी सुंदर बसतील. आणि स्लॅपला त्या "डब" म्हणून राहतील, टणका निघणार नाही. पण मला त्याहून मोठी अडचण वेगळीच दिसते. तुझी मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. हॉलमधले किंवा मांडवातले बरेचसे स्पीकर एवढं खाली नीट जातच नाहीत, मोबाइलच्या स्पीकरचं तर नावच नको. तरी श्रोत्याला ई ऐकू येतो, कारण त्याच्या दुप्पट-तिप्पट, ८२ आणि १२३ हर्ट्झचे हार्मोनिक्स कानावर पडतात आणि मेंदू खालचा सूर आपणहून भरून काढतो. जेवढे हे वरचे हार्मोनिक्स जास्त, तेवढा बास गर्दीत "कळतो". मुरलेल्या फ्लॅटमध्ये ते कमी असतात. स्टुडिओत, चांगल्या साउंडवाल्याकडे, हा काही प्रश्न नाही. पण तुझ्या रविवारच्या रिहर्सल रूममध्ये दोन गिटारवाले डिस्टॉर्शन लावून उभे असतील तेव्हा फ्लॅटचा बास पोटाला जाणवेल, कानाला नाही. मग तू आवाज वाढवशील, मग ते वाढवतील.

स्टेनलेसची गोष्ट उलटी. रॉकला आणि स्लॅपला उत्तम, आमच्या दमट हवेत गंजतातही कमी. पण धातू कडक आहे. वरची गुंडाळी बोटांना खरखरीत लागते, आणि स्वस्त बासचे फ्रेट (मानेवरचे धातूचे पडदे) मऊ असतात, ते लवकर खातात. एकदा फ्रेट झिजले की घासून सपाट करून घ्यायचा खर्च तारांच्या चार सेटांएवढा. आणि शनिवारी बॅगेची चेन वाजणार ती वाजणारच.

मधे हाफराउंड नावाचा एक प्रकार असतो: गोल तार गुंडाळून वरून घासून अर्धवट चपटी केलेली. कागदावर बघितलं तर तुझ्यासाठीच केल्यासारखी. मी दोनदा लावून बघितल्या. पहिला आठवडा बऱ्या वाटल्या, पुढे त्यांचा आवाज मला ना धड इकडचा ना तिकडचा वाटत राहिला. हे माझं मत. फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्यांचा बास, वाजवणाऱ्यांना त्या आवडतात, कारण लाकडी फिंगरबोर्ड कमी खरवडला जातो. तुला फ्रेटलेसचा प्रश्न नाही, म्हणून पुढे जातो.

निकेल-प्लेटेड म्हणजे पोलादाच्याच तारेवर निकेलचा मुलामा. स्टेनलेसपेक्षा मऊ, थोडी गोल, पण उजळपणा पुरेसा. दुकानात "शुद्ध निकेल" म्हणूनही काही सेट मिळतात, ते वेगळे आणि आणखी उबदार, जुन्या वळणाचे. पाकिटावर नीट वाच, दोन्हींवर निकेल हा शब्द मोठ्या अक्षरात असतो.

माझ्या हिशेबात निकेल-प्लेटेडचा खरा गुण हा की ती सभ्यपणे म्हातारी होते. पहिल्या चार-पाच दिवसांत वरची किनखापी चमक जाते, आणि मग जो आवाज उरतो तो बराच काळ तसाच राहतो. स्टेनलेस आधी फार उजळ आणि मग माझ्या हातात तरी एकदम ढेपाळते. याच मधल्या मुक्कामातली निकेलची तार टोन नॉब अर्धा बंद केला की भावगीताला चालते, आणि पूर्ण उघडा केला की रॉकला. दोन दिशांना जाता येईल असं मधलं ठाणं हवं, ते हे.

आता गेज. इथे तू प्रश्न विचारला नाहीस, पण तुझ्या शनिवारसाठी हीच बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. ४५-१०० का नाही, ४५-१०५ का? तुझे पुरुष गायक बघ, त्यातले निम्मे काळी दोनमध्ये गात असतील. काळी दोन म्हणजे डी शार्प. तुझ्या बासची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. गाण्याचा षड्जच तुझ्या खालच्या तारेच्या अर्ध्या सुराने खाली गेलेला! मग तू काय करतोस? ए तारेवर सहाव्या फ्रेटला जाऊन वरच्या सप्तकातला वाजवतोस, आणि शेवटच्या समेला जिथे खर्ज हवा तिथे पोकळी राहते. म्हणून वाद्यवृंदातले कित्येक बासवाले पाच तारांचा घेतात, आणि ज्यांना तो परवडत नाही ते चारही तारा अर्धा सूर उतरवून लावतात.

अर्धा सूर उतरवला की तारेचा ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. १००ची तार आधीच बेताची, ती उतरवली की बोटाखाली सैल लागते, जोरात छेडली की फ्रेटवर आपटते आणि छेडल्या क्षणी सूर थोडा चढा निघतो. १००च्या जागी १०५ घेतली तर त्याच सुराला ताण सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे अर्धा सूर उतरवलेली १०५ हाताला जवळपास न उतरवलेल्या १००सारखीच लागते. हिशेब जुळला. रविवारी पुन्हा ई-ए-डी-जी लावलंस तर १०५ थोडी ताठ वाटेल, पण रॉकला ते बरंच. फक्त सूर खालीवर केल्यावर दहा मिनिटं तारांना बसू दे आणि पुन्हा ट्यून कर. ट्रान्स-हार्बरने ऐरोलीहून वाशीला बास नेताना गर्दीत खुंट्या फिरतातच, तेव्हा ट्यूनर तसाही काढावाच लागणार आहे.

यापेक्षा जाड, ११०च्या पुढे, जाऊ नकोस. चार तारांचा मिळून ताण ७०-८० किलोच्या घरात असतो, तो त्या लाकडी मानेवर सतत असतो, आणि स्वस्त बासची मान त्याने पावसाळ्यात कमानीसारखी वाकायला लागते.

आता आवाज बदलायची खरी हत्यारं. ती तारांच्या पाकिटात मिळत नाहीत आणि जवळजवळ फुकट आहेत.

पहिलं, उजवा हात. मानेच्या टोकाशी, जिथे फिंगरबोर्ड संपतो तिथे छेडलंस तर आवाज गोल. ब्रिजच्या (तारा बॉडीवर जिथे अडकवतात त्या टोकाच्या) पिकअपवर छेडलंस तर टोकदार. एकाच तारेचे हे दोन आवाज ऐकून लोक विचारतात, तारा बदलल्यास का? दुसरं, दोन पिकअपचे दोन व्हॉल्यूम. जॅझ बासवर दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की मधल्या पट्टीतला काही आवाज एकमेकांत विरतो, स्लॅपला ते छान लागतं. वाद्यवृंदात ब्रिजचा पिकअप थोडा कमी कर, लगेच आवाज भरीव होईल.

तिसरं माझं लाडकं. किराणा दुकानातून भांडी घासायचा नवा स्पंज घे. हिरवी खरखरीत बाजू सोलून फेकून दे. उरलेल्या पिवळ्या स्पंजची चार तारांच्या रुंदीएवढी, बोटभर जाड पट्टी काप आणि ब्रिजच्या अगदी लगत तारांखाली सरकव. वर फार दाबली जाता कामा नये. तारेला नुसती टेकली पाहिजे. आता छेड. लांबत जाणारी आस गेली, उरला तो "ठुम्‌". साठ-सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचा बास नव्या निकेलच्या तारेतून निघतो. जुन्या फेंडर बासांवर ब्रिजच्या झाकणाखाली कंपनीच फोमची पट्टी चिकटवायची, त्यामुळे हा काही माझा शोध नाही. संथ भावगीत आलं की पट्टी आत, लावणी किंवा कोळीगीत आलं की बाहेर. दोन गाण्यांमध्ये निवेदक बोलत असतो तेवढा वेळ पुरतो. निवेदक जास्तच बोलत असेल तर चहाही होतो.

ठाण्याच्या हवेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण परदेशी व्हिडिओत हे कोणी सांगणार नाही. एका बाजूला खाडी, वर चार महिने पाऊस. निकेलचा मुलामा एकदा झिजला की खालचं पोलाद गंजायला लागतं, आणि जून ते सप्टेंबर ते तुझ्या डोळ्यांदेखत होतं. आठवड्याला दोन-तीनदा वाजवणाऱ्याचा सेट माझ्या अनुभवात हिवाळ्यात चार महिने जातो आणि पावसाळ्यात दोनच. वाजवायच्या आधी हात साबणाने धू, विशेषतः वडापाव खाऊन आला असशील तर. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तार चिमटीत धरून पुसायची, फक्त वरून नाही, खालच्या बाजूनेही. मळ तिथेच बसतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक. बुटांच्या खोक्यातल्याही चालतात, पण त्या कायमच्या नाहीत, ओल शोषून भरल्या की बदलायच्या. ओली बॅग घरी आल्यावर बास तसाच आत ठेवून झोपू नकोस.

कोटेड तारा, म्हणजे वर प्लॅस्टिकसारखा अतिपातळ थर दिलेल्या, एलिक्सरच्या वगैरे, हा यावरचा महागडा उपाय. खाचांत घाम शिरतच नाही, म्हणून त्या दुप्पट-तिप्पट टिकतात. हात फार घामेजतात त्याने जरूर घ्याव्यात. मला स्वतःला त्यांचा स्पर्श किंचित निसरडा वाटतो, आणि स्लॅप करणाऱ्याच्या अंगठ्याखाली तो थर कालांतराने तुसासारखा सुटतो. तुझं विद्यार्थ्याचं बजेट बघता साधा निकेलचा सेट आणि फडकं हेच बरं.

आणि हो, तारा उकळणे. कोणीतरी तुला सांगेलच. कॉलेजात असताना आम्ही सगळेच करायचो. तारांचं वेटोळं पाण्यात दहा मिनिटं उकळायचं, मळ सुटतो, आवाज पुन्हा उजळतो, हे खरं आहे. पण तो उजळपणा काही दिवसांचाच, आणि आत राहिलेलं पाणी कोअरला गंजवतं. शिवाय मी ते आईच्या पोह्यांच्या पातेल्यात केलं होतं. पातेल्यात जे उरलं त्याचा रंग बघून आईने आठवडाभर पोहे केले नाहीत. करायचंच असेल तर स्पिरिटमध्ये बुडवून ठेव, ते उडून जातं, गंजवत नाही. पण गॅसपासून लांब.

खरेदी. चांगल्या निकेलच्या सेटला हल्ली दोन हजारांच्या आगेमागे मोजावे लागतात, फ्लॅट्सना त्याच्या दुप्पटही. त्यामुळे ऑनलाइन कुठे आठशेला "ओरिजिनल" दिसला की हात शिवशिवतो. माझेही शिवशिवले होते. पाकीट हुबेहूब. लावल्यावर ए तार बाराव्या फ्रेटवर काही केल्या सुरात येईना. सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) मागे नेऊन नेऊन स्क्रू संपला. तार काढून मोजली तर गुंडाळी एकसारखी नव्हतीच, एका जागी हाताला उंचवटा लागत होता. पैसे गेले ते गेले, पण मी तोवर दोन संध्याकाळी बासची मानच बिघडली समजून ट्रस रॉडशी (मानेचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळईशी) झटापट केली होती. धोबीतलावच्या जुन्या दुकानांत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे दोनशे रुपये जास्त दे. काही कंपन्या पाकिटात नोंदणीचा कोड देतात, तो लगेच टाकून बघ.

घेताना "लाँग स्केल" लिहिलंय ना बघ. तुझ्या बासची नटपासून (खुंट्यांकडच्या, तारा टेकतात त्या पट्टीपासून) ब्रिजच्या सॅडलपर्यंतची लांबी ३४ इंच आहे, शॉर्ट स्केलच्या, ३० इंची बासच्या तारा त्याला पुरणार नाहीत. आणि ॲकॉस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारांसारखं काही कोणी चिकटवलं तर घेऊ नकोस. तुझा पिकअप चुंबकावर चालतो, त्याला लोखंड हवं.

बसवताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मीही रंगायतनच्या त्या सकाळी केली. तार खुंटीला लांब पडते म्हणून आधीच पक्कडीने कापायची. तसं करू नकोस. आधी तार खुंटीपर्यंत ताण, खुंटीच्या पुढे साधारण चार इंच मोज, तिथे काटकोनात घट्ट वाकव आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे काप. वाकवण्याआधी कापली तर वरची गुंडाळी कोअरवर सैल होऊ शकते, आणि सैल झालेली तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते. टोक खुंटीच्या भोकात खोच, दोन-तीन वळसे वरून खाली येऊ देत. म्हणजे तार नटवर खाली दाबून बसते. फिरवताना तारेला पीळ पडू देऊ नकोस.

चारही तारा ताणल्या की नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे अंगठ्याने तार हलकेच खाली दाब. तिथे ती नैसर्गिकपणे गोल वळण घेते, ते वळण मोडून कोपरा करायचा असतो. हे केलं नाही तर आवाज धूसर राहतो आणि लोक तारेला दोष देतात. मग ट्यून कर, एक रात्र तशीच ठेव, सकाळी पुन्हा ट्यून कर. आता ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव वळसा, त्याहून जास्त एका वेळी नाही. शेवटी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळव: दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. नवीन गेज लावल्यावर हे एकदा करावंच लागतं. तुझ्या दीड वर्षाच्या तारांचे हे दोन सूर एव्हाना जुळत नसणार, आज रात्री बघ. तसं असेल, आणि तारेच्या पोटाखालून नख फिरवल्यावर फ्रेटच्या जागी खड्डे लागत असतील, तर तारा गेल्या म्हणून समज.

कार्यक्रमाच्या दिवशी नवीन तारा नाहीत. निदान आठवडाभर आधी लाव आणि रोज तासभर वाजव, म्हणजे शनिवारपर्यंत त्यांची चमक उतरून त्या माणसात येतील. गणपतीत सलग दहा दिवस वाजवायचं असेल तर चतुर्थीच्या निदान आठवडाभर आधीच बदल, आदल्या दिवशी नाही.

आणि नवा सेट जुना झाला की उतरवलेल्या तारा फेकू नकोस. पुसून, वेटोळं करून, जुन्या पाकिटात घालून बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेव. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात एकदा मध्यंतराआधी माझी सगळ्यात बारीक, 'जी' सुराची तार तुटली. बॅगेत नवी तारही होती, पण मी जुनीच चढवली. नवी दर दोन मिनिटांनी उतरली असती, आणि बाकीच्या तीन मुरलेल्या तारांशेजारी एकटीच किणकिणली असती. जुनी आधीच ताणून झालेली होती. तिसऱ्या घंटेला मी जागेवर होतो.